चिंचेचं बुटूक आणि माळ्यावरची भांडी

दिवाळीच्या तोंडावर माळ्यावरची भांडी खाली उतरतात आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एरवी फ्रीजमधल्या वासाबद्दल विचारणारे वाचक एकदम समई, घंगाळ आणि बंबावर येतात. या खेपेला पत्रांचा ओघ चिंचेकडेच वळला, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. सारख्या शंकांची पत्रं एकत्र केली आहेत.

चिंचेने तांब्या घासला की हातासरशी उजळतो. साबणाने कितीही घासा, ढिम्म. चिंचेत असं काय असतं? (सांगली)

तांब्यावरचा काळपट थर हा मळ नाही. तांबं आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या संयोगातून झालेलं ते ऑक्साइड आहे. साबण तेलकटपणा काढतो, ऑक्साइडपुढे त्याचं काही चालत नाही. तिथे आम्ल लागतं.

चिंचेतलं आम्ल म्हणजे टार्टारिक आम्ल. आंबट फळांत सहसा सायट्रिक किंवा मॅलिक आम्ल असतं. टार्टारिक आम्ल भरपूर असणारी फळं थोडी, त्यांत द्राक्ष आणि चिंच ठळक. फळ पिकलं की बहुतेक आम्लं कमी होत जातात, चिंचेतलं हे आम्ल मात्र तसंच राहतं. म्हणून गाभुळलेली चिंच गोड लागली तरी आंबटपणा तिला सोडत नाही, आणि वर्षभर बरणीत राहून काळी पडलेली चिंचही भांडी घासायला तितकीच कामाची असते.

या आम्लाचा आणखी एक गुण आहे. ते ऑक्साइड विरघळवतं आणि सुटलेल्या तांब्याला धरून ठेवतं, पुन्हा पृष्ठभागावर बसू देत नाही. कॉलेजात ज्यांनी फेहलिंगच्या द्रावणाने साखरेची परीक्षा केली असेल त्यांना ते गडद निळं द्रावण आठवेल. त्यातलं तांबं तळाशी न बसता विरघळलेलं राहतं ते टार्टारिक आम्लाच्याच एका क्षारामुळे. प्रयोगशाळेतली ती निळी बाटली आणि मोरीवरचा चिंचेचा चोथा, दोन्हीकडे काम तेच चाललेलं असतं.

चिमूटभर मीठ घालण्याची जुनी पद्धतही बरोबर आहे. मिठातला क्लोराइड तांबं सुटायला मदत करतो आणि मिठाची कणी हलकेच खरवडते. एका तांब्याला सुपारीएवढी चिंच पुरते. ती नवी घेऊ नका. आमटीसाठी कोळ काढून जो चोथा आपण फेकतो त्यात भरपूर आंबटपणा शिल्लक असतो. तोच वाटीत काढून ठेवावा.

आमची समई चिंचेने निघतच नाही. शेवटी चिंचेत खायचा सोडा घातला. फेस छान आला, पण समई होती तशीच. (पुणे)

समईवर दोन थर असतात. खाली पितळेचं ऑक्साइड आणि त्यावर वर्षानुवर्षं साचलेलं तेल, काजळी, हळदीकुंकू. चिंच तेलाला हात लावत नाही. ती खालच्या थरापर्यंत पोहोचलीच नाही, मग समई निघणार कशी?

आणि तो फेस! फेस दिसला की काहीतरी जोरात साफ होतंय असं वाटतं. प्रत्यक्षात चिंचेतलं आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवत असतात आणि त्यात कार्बन डायऑक्साइड उडून जातो. मागे उरतं ते जवळजवळ कुचकामी खारट पाणी. सोडा वाया, चिंचही वाया. सोड्यात व्हिनेगर ओतण्याचे जे उपाय हल्ली सगळीकडे फिरतात त्यांतल्या बहुतेकांची गत हीच आहे.

आपल्या आज्या हे दोन पदार्थ वापरत होत्या, पण एकामागून एक. आधी चुलीतली राख, मग चिंच. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणजे एक अल्कली. ती तेल सोडवते. भांडं धुऊन झालं की मग आम्ल, ते ऑक्साइड काढतं. हा क्रम कुणी पुस्तकात वाचून ठरवला नव्हता, पण त्यात दुरुस्ती करायला मला काही सापडत नाही.

आता राख नाही, तर असं करा. समईचे भाग आट्या सोडवून वेगळे करा. कडक पाण्यात धुण्याचा सोडा (खायचा नव्हे) आणि थोडी भांड्यांची पावडर घालून अर्धा तास बुडवून ठेवा. जुन्या टूथब्रशने आट्यांतला आणि नक्षीतला चिकटा काढा. पाणी भांड्यावर थेंबाथेंबाने न थांबता सपाट पसरायला लागलं की तेल गेलं. मग चिंच लावा. दोन-तीन मिनिटांत रंग पालटेल. पंचधातूच्या किंवा पितळेच्या देवांनाही हेच, फक्त ब्रश मऊ घ्या आणि डोळे-नाक जपा. चेहऱ्यावरची रेषा एकदा झिजली की परत येत नाही.

एक अपवाद. दुकानातून आणलेल्या शोभेच्या पितळी वस्तूंवर बऱ्याचदा पारदर्शक लाखेचा थर असतो. त्यावर चिंच लावली तर जिथे ओरखडा गेला आहे तेवढंच उजळतं आणि वस्तू कोड आल्यासारखी दिसते. अशा वस्तू ओल्या फडक्याने पुसा आणि सोडून द्या.

पितळेचं घंगाळ चिंच फासून रात्रभर ठेवलं. सकाळी गुलाबी झालं! तांबं होतं की पितळ? फसवलं तर नाही ना आम्हाला? (कोल्हापूर)

भांडेवाल्याला दोष देऊ नका, घंगाळ पितळेचंच आहे. पितळ म्हणजे ढोबळमानाने दोन भाग तांबं आणि एक भाग जस्त. आम्लापुढे जस्त आधी शरण येतं. रात्रभरात वरच्या थरातलं जस्त निघून गेलं आणि उरलं ते तांबं, म्हणून गुलाबी. हा थर अगदी पातळ असतो. पितळेच्या पॉलिशने किंवा पितांबरीसारख्या पावडरीने, कोरड्या फडक्यावर जोर देऊन घासलंत तर पिवळा रंग परत दिसेल. मात्र दर दिवाळीला हा प्रयोग केलात तर कडा खरबरीत होतील.

चिंच लावून विसरून जाणं हीच सगळ्यात मोठी चूक आहे आणि ती घरोघरी होते. आम्ल एकटं असताना तांब्याच्या धातूला फारसं खात नाही, पण आम्ल, ओल आणि हवा असे तिघं जमले की खातं. चिंचेच्या पाण्यात अर्धवट बुडालेला तांब्या रात्रभर ठेवून पाहा. पाण्याच्या रेषेवरच हिरवी कडा धरलेली दिसेल. खाली आम्ल आहे पण हवा कमी, वर हवा आहे पण आम्ल नाही. जिथे दोन्ही आहेत तिथेच खोबणी पडते.

लावा, चोळा, पाच मिनिटांच्या आत धुवा. शेवटच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घातला तर फटींत अडकलेलं आम्ल मरतं. इथे मात्र सोडा कामाचा आहे. मग लगेच कोरड्या फडक्याने पुसा. चिंचेत साखरही बरीच असते. ती राहिली की भांडं चिकचिकतं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बोटांचे काळे ठसे उठतात.

कल्हईची पातेली आतून चिंचेने घासावीत का? (रत्नागिरी)

बाहेरून खुशाल, आतून नको. आत आहे ते कथील. ते मऊ असतं आणि त्याचा थर अगदी बारीक. आमटी-सार त्यात शिजतं ते चालतं, कल्हई त्यासाठीच आहे. कल्हई नसलेल्या पितळेत ताक किंवा आंबट वरण ठेवलं तर ते कळकतं, म्हणजे तांबं त्यात उतरतं आणि चव बिघडते. पण चिंच आणि मीठ घेऊन आतून खसाखसा घासलं तर वर्षभर टिकणारी कल्हई काही महिन्यांत जाईल. आतून मऊ फडकं आणि साधी पावडर पुरे. करपलं असेल तर पाणी घालून उकळा आणि लाकडी उलथन्याने सोडवा.

आतून पिवळं दिसायला लागलं की घासणं थांबवून कल्हईवाला शोधा. पूर्वी तो दारात यायचा, नवसागराचा पांढरा धूर उडायचा आणि पोरं भोवती जमायची. आता बोहारीण भेटेल पण कल्हईवाला भेटणार नाही, अशी बऱ्याच शहरांत अवस्था आहे. तांबट आळी किंवा जुन्या भांडेबाजारात चौकशी केलीत तर पत्ता लागतो. रिकामं कल्हईचं पातेलं गॅसवर तापत ठेवू नका. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं आणि रिकामं पातेलं त्या तापमानाला बघता बघता पोहोचतं.

चांदीच्या ताटाला चिंच लावली, काहीच झालं नाही. (नागपूर)

होणारही नाही. चांदीवरचा काळा थर ऑक्साइड नसून सल्फाइड आहे आणि चिंचेतल्या आम्लाला तो दाद देत नाही. ताट मावेल अशा प्लास्टिकच्या टबात अॅल्युमिनियम फॉइल अंथरा, त्यावर ताट ठेवा. ते फॉइलला टेकलं पाहिजे. उकळतं पाणी, दोन चमचे खायचा सोडा आणि एक चमचा मीठ घाला. गंधक चांदीला सोडून अॅल्युमिनियमकडे जातो. सडक्या अंड्यासारखा किंचित वास आला तर घाबरू नका, काम चालू असल्याची ती खूण आहे. खडे बसवलेल्या किंवा मुद्दाम काळी झाक ठेवलेल्या दागिन्यांना हे करू नका, ती झाकच निघून जाईल.

भांडी घासताना चिंचेचं पाणी शहाबादी फरशीवर सांडलं. पांढरट डाग पडले आहेत, कशानेच जात नाहीत. (लातूर)

जाणार नाहीत, कारण ते डाग नव्हेत. शहाबादी हा चुनखडीचा दगड, कोटाही तसाच, आणि संगमरवर तर त्याच घराण्यातला. आम्ल पडलं की त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं. गुळगुळीत पृष्ठभाग तेवढ्या भागात खरबरीत होतो आणि प्रकाश विखुरल्यामुळे पांढरा दिसतो. ती खरं तर उथळ खळगी आहेत. त्यावर लिंबू चोळू नका, वाढतील. फरशी पॉलिशवाल्याकडून तेवढा भाग घासून घेणं हा एकच उपाय. पुढच्या वेळी स्टीलच्या परातीत भांडं ठेवून घासा. ग्रॅनाइटच्या ओट्याला मात्र चिंचेची भीती नाही.

नळावर आणि किटलीत क्षार साचतात. चिंचेने काढता येतील ना? दगड खाते तर क्षारही खाईल. (सोलापूर)

तर्क चोख आहे. खाईलही, पण मागे घाण ठेवील. टार्टारिक आम्ल आणि कॅल्शियम यांच्यापासून जे कॅल्शियम टार्टरेट होतं ते पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे जुन्या थराच्या जागी नवा भुरका थर बसतो. तांब्याला धरून ठेवणारं हेच आम्ल चुन्यापुढे असं अडखळतं. इथे साधं व्हिनेगर वापरा. त्यापासून होणारा क्षार पाण्यात सहज विरघळून निघून जातो. किटलीत निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर घालून गरम करा, तासभर ठेवा, मग दोनदा साधं पाणी उकळून ओतून द्या. नळाला व्हिनेगरचं फडकं गुंडाळून ठेवा, पण रात्रभर नको, मुलाम्याला ते सोसत नाही.

कुकरच्या तळाशी पाण्यात चिंचेचं बुटूक टाकतात ते का? आणि चिंच अॅल्युमिनियमला वाईट असं म्हणतात ते खरं का? दोन्ही कसं खरं असेल? (ठाणे)

दोन्ही खरं आहे, प्रश्न मात्रेचा आणि वेळेचा आहे. आपलं पाणी बहुतेक ठिकाणी थोडं क्षारयुक्त असतं. ते उकळलं की अल्कलीचा गुण वाढतो आणि अॅल्युमिनियम आतून काळं पडतं. चिंचेचं बुटूक किंवा पिळलेल्या लिंबाचं साल टाकलं की पाणी किंचित आम्लधर्मी राहतं आणि काळपटपणा धरत नाही. त्या पाण्यात आपण काही शिजवत नाही, ते ओतून देतो. उलट चिंचेचा कोळ अॅल्युमिनियमच्या पातेल्यात रात्रभर ठेवला तर धातू त्यात उतरतो आणि पातेल्याला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडायला सुरुवात होते. मिठाची चिंच भरायला चिनी मातीची किंवा काचेची बरणीच हवी. पत्र्याच्या झाकणालाही आतून प्लास्टिकचा कागद लावा.

आजोबांच्या पेटीत शिवराई नाणी सापडली. हिरवी-काळी आहेत. चिंचेने धुतली तर अक्षरं दिसतील का? (सातारा)

नको. कृपा करून नको.

तुमच्या नाण्यावर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' यांतलं जे काही शिल्लक आहे ते त्या काळ्या-तपकिरी थरातच टिकून आहे. बऱ्याच ठिकाणी अक्षराचा उठाव धातूत राहिलेला नसतो, थरात असतो. चिंच लावली की पाच मिनिटांत लखलखीत, गुळगुळीत, कोरी तांब्याची चकती हातात येईल. जाणकार संग्राहक अशा धुतलेल्या नाण्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, आणि झालेलं नुकसान कुठल्याही उपायाने भरून येत नाही. अक्षरं पाहायची तर खिडकीशी तिरप्या उजेडात भिंगाखाली पाहा. कोरड्या कागदाच्या पाकिटात एकेक वेगळं ठेवा. थर फिकट हिरवा, भुकटीसारखा असेल आणि वाढत असेल तर जवळच्या वस्तुसंग्रहालयात दाखवा. पेटीतली नाणी तुमची. पण शेतात किंवा पाया खणताना कुणाला अशी नाणी मिळाली तर 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हेही जाता जाता सांगतो.

आमच्याकडे चिंच नाही, बिंबलांनी तांब्याची भांडी घासतात. चालतं का? आणि सोलकढीची उरलेली सोलं? (फोंडा, गोवा)

उत्तम चालतं. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं आणि ते तांब्यावर तसंच लोखंडाच्या गंजावरही चांगलं काम करतं. गंजलेल्या विळीच्या पात्याला बिंबल चोळून पाहा, लगेच धुऊन खोबरेल लावा. झाडाखाली पडलेली बिंबलं यासाठी गोळा करावीत. सोलांचा चोथाही फेकू नये. लाल रंगाची काळजी नको, धातूला तो धरत नाही. कपड्याला धरतो.

तांब्याच्या बाटलीत आतून हिरवट डाग आहेत. चिंचेने धुऊन पाणी प्यावं का? त्यात लिंबू-पाणी नेलं तर? (मुंबई)

चिंच-मिठाचं कोमट पाणी भरून हलवा, लांब ब्रशने घासा, तीन-चार वेळा खळखळून धुवा आणि उपडी घालून पूर्ण वाळू द्या. साधं पाणी ठेवायला हरकत नाही. लिंबू-पाणी, ताक, सरबत अजिबात नाही. वरची सगळी उत्तरं वाचलीत तर कारण सांगायला नको. जे आम्ल ऑक्साइड विरघळवतं ते तांबं तुमच्या पेल्यात आणतं. पिण्याच्या पाण्यातल्या तांब्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 2 मिलिग्रॅम आहे. आंबट पेय तासन्‌तास बाटलीत राहिलं तर ती ओलांडली जाते आणि मळमळ, पोटात मुरडा सुरू होतो.

इथे दुकानात मिळणारी चिंच गोड आहे, भांडी निघत नाहीत. (न्यू जर्सी)

ती बहुधा थायलंडची गोड चिंच असावी, ती खायची. भारतीय दुकानातली काळी, बिया काढलेली विटेसारखी चिंच घ्या. नाहीतर तुमच्याकडे बेकिंगच्या सामानात क्रीम ऑफ टार्टर नावाची पांढरी पूड मिळते ती आणा. वाइनच्या पिंपांत तळाशी जमणाऱ्या खड्यांपासून ती करतात आणि ते टार्टारिक आम्लाचंच निम्मं शमवलेलं रूप आहे. ती पूड, मीठ आणि लिंबाचे चार थेंब यांची पेस्ट तांब्याला लावा.

चिंच सोलल्यावर पाटीभर चिंचोके उरतात. मुलं सारीपाटाला घेतात तेवढे सोडून बाकीच्यांचं काय करू? (पंढरपूर)

पंढरपुरात राहून हा प्रश्न! तुमच्या भागातले घोंगडी विणणारे लोकरीच्या ताण्याला चिंचोक्यांचीच खळ देत आले आहेत. तिने धागा ताठ होतो, विणताना तुटत नाही आणि नव्या घोंगडीला तो कडकपणा येतो. ज्यूट आणि सुती कापडाच्या गिरण्यांतही चिंचोक्यांचं पीठ वापरतात. ओडिशाचे पट्टचित्रकार कापड तयार करायला हीच खळ लावतात. चिंचोक्याच्या गरातल्या बहुशर्करेपासून कोरड्या डोळ्यांत घालायचे थेंबही बनतात, अर्थात ते कारखान्यात शुद्ध करून. घरी कुणी डोळ्यांशी खेळू नये.

घरच्या कामाला खळ अशी करा. चिंचोके लोखंडी कढईत वाळूबरोबर भाजा. तडतडून टरफल सुटायला लागलं की उतरवून खलबत्त्यात हलकेच ठेचा आणि तपकिरी टरफलं पाखडून टाका. उरतो तो पांढरट दाणा. तो रात्रभर भिजवा, बारीक वाटा आणि दहापट पाण्यात मंद आचेवर ढवळत शिजवा. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही, मग एकाएकी घट्ट, तारदार होते. तेवढ्यात हात थांबला तर गुठळ्या होतात. गाळून घ्या. वह्या-पुस्तकांची बांधणी, पतंग, आकाशकंदिलाचा कागद, सुती साडीला कडकपणा, सगळ्याला चालते. कंदिलाला गव्हाच्या खळीपेक्षा मी हीच सुचवीन, कागद दमट हवेतही सुटत नाही.

दोन दिवसांत ती आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. टिकावी म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालत. मुलं कागदकाम करणार असतील त्या घरात ते मुळीच घालू नका, मोरचूद विषारी आहे. बांधलेली पुस्तकं कपाटात ठेवण्याआधी दोन दिवस उन्हात पूर्ण वाळवा, नाहीतर झुरळांना आयता फराळ मिळेल.